परावलंबनाची तजवीज : लेखांक ५ – जपानातील केअर मॅनेजर

जर्मनीने १९९५ साली सुरू केलेल्या शुश्रूषा-विम्याचा परामर्श गेल्या लेखांकात घेतला; आता १ एप्रिल २००० पासून अमलात आलेल्या जपानच्या 'काइगो होकेन' या तशाच विम्याकडे वळावयाचे आहे.

१९७३ पासून सुमारे दशकभर सत्तरीपुढील वृद्धांना तेथे औषधोपचार विनामूल्य मिळत. परंतु आश्रमात जागा किंवा घरी मदतनीस हवी असल्यास नगरपालिकेकडे अर्ज गुदरून, उत्पन्नाची चौकशी सोसून, पालिका नेमून देईल ते निमूटपणे पत्करावे लागे. परिणामी, ज्यांना औषधापेक्षा आंघोळ घालणाऱ्या हातांची अधिक गरज होती असे असंख्य वृद्ध रुग्णालयांच्या खाटांवर महिनोन् महिने पडून राहत, आणि जे घरी राहत त्यांचा भार बहुधा सुनेच्या माथी येई.

१९९७ च्या डिसेंबरात संमत झालेल्या कायद्याने चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाकडून वर्गणी घेतली, तिच्याइतकीच रक्कम सरकारी करांतून घातली आणि कारभार नगरपालिकांकडे सोपविला. हे अर्थकारण येथेच आवरते घेतो, कारण कायद्याचे मर्म मला त्यात दिसत नाही.

अर्ज दाखल होताच पाहणीदार घरी येऊन, कूस बदलता येते का, घास गिळता येतो का, अशा ७४ बाबी टिपून घेतो. त्यावरून संगणक प्राथमिक अनुमान काढतो, आणि मग डॉक्टरांचा अभिप्राय समोर ठेवून तज्ज्ञांची समिती अर्जदारास सातांपैकी एखाद्या श्रेणीत बसविते. मुलगा काय मिळवितो, सून घरी असते की नोकरीस जाते, यांवर ही श्रेणी अवलंबून नसते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस विशेष वाटेल.

तथापि श्रेणी मिळाली म्हणजे सेवा पदरात पडली असे नव्हे. मदतनीस एका संस्थेची, परिचारिका दुसरीची, दिवसा केंद्रावर नेणारी मोटार तिसरीची, अशा विखुरलेल्या व्यवहाराची मोट बांधण्यासाठी कायद्याने केअर मॅनेजर हा स्वतंत्र अधिकारी निर्माण केला. किमान पाच वर्षांचा अनुभव आणि परीक्षा यांतून तावून निघालेला हा मनुष्य कुटुंबाशी बोलून, श्रेणीस ठरलेल्या मासिक मर्यादेत सेवांचा आराखडा आखतो, सर्व संस्थांना एकत्र बसवितो आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन पाहून येतो. इतर सेवांचा दहावा हिस्सा, आणि सधनांस त्याहून अधिक, स्वतः भरावा लागतो. या आराखड्याचा मोबदला मात्र संपूर्णपणे विम्यातून मिळतो.

व्यंग आहे ते येथेच. हा आराखडा आखणारा पुष्कळदा सेवा विकणाऱ्या संस्थेचाच पगारी नोकर असतो. एखाद्या सेवेचे ८० टक्क्यांहून अधिक काम, सबळ कारणावाचून, एकाच संस्थेकडे गेल्यास मोबदल्यात कपात होते खरी. परंतु ८० टक्क्यांच्या आत राहून धन्याची भर करणाऱ्यास हा नियम कसा रोखणार? सर्व केअर मॅनेजर पालिकेच्या चाकरीत घ्यावेत, तर पालिका नेमून देईल ते पत्करण्याचा जुना जमाना परतण्याची भीती; मला तरी या दोहोंतून दुसरे संकट कमी जाचक वाटते. २००६ पासून सौम्य श्रेणीतील वृद्धांचे आराखडे पालिकांनी स्थापिलेल्या स्थानिक साहाय्य केंद्रांकडे आले, पण त्यांपैकी बहुसंख्य केंद्रे पालिकांनी बाहेरील संस्थांकडेच चालवावयास दिली आहेत. त्यांची कैफियत पुढील लेखांकात.