जुना फ्लॅश, नवा कॅमेरा

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे संच आहेत. तिथल्या वसाहतीत व्होल्टचं कुणाला अप्रूप नाही. तरी लग्नं काढून थकलेला जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर सरकवताना माणूस बेफिकीर असतो.

फिल्म कॅमेऱ्यात शटर उघडताच धातूची दोन पानं टेकत आणि फ्लॅशचं सर्किट पूर्ण होई. त्यांना 200 व्होल्टही पचत. आता ते काम इवलासा इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. निकॉनच्या माहितीपुस्तिका 250 व्होल्टची मर्यादा देतात. काही कॅमेऱ्यांना मात्र 6 व्होल्टच्या वर झेपत नाही.

म्हणून आधी फ्लॅशच्या पायावरचे व्होल्ट मोजा. फ्लॅश सुटाच ठेवून चार्ज करा. मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर. एक टोक पायाच्या मधल्या टिकलीला, दुसरं कडेच्या पट्टीला. (हात घसरला तर फ्लॅश उडेल, दचकू नका.) आकडा मोठा आला तर ऑप्टिकल स्लेव्ह लावा. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चमकला की जुना आपोआप उडतो, कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच नाही. छोटा मात्र मॅन्युअलवर हवा, नाहीतर पूर्वचमकेलाच जुना उडून मोकळा!

आवरण उघडू नका. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये 300च्या आसपास व्होल्ट दबा धरून असू शकतात.