गिनी-बिसाऊ : भाताचा आणि काजूचा देश

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि गिनी यांच्यामध्ये, अटलांटिक महासागराच्या काठी गिनी-बिसाऊ हा छोटा देश वसला आहे. क्षेत्रफळ सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षा थोडे कमी. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. बिसाऊ ही राजधानी. जमीन इतकी सखल की भरतीचे पाणी नद्यांतून दूरवर आत शिरते आणि खाड्यांच्या कडेने खारफुटी माजते. किनाऱ्यासमोरच्या बिजागोस द्वीपसमूहात ८८ बेटे असून त्यांतील थोड्याच बेटांवर कायमची वस्ती आहे. ओरांगो बेटाचे पाणघोडे चक्क समुद्राच्या पाण्यात उतरतात.

फुला, बालांटा, मांडिंका, पापेल, मांजाको, बिजागो अशा अनेक समाजांचा हा देश आहे. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज असली, तरी ती थोड्यांनाच येते. बाजारात आणि गाण्यात ऐकू येते ती क्रिओल. मुस्लिमांची संख्या मोठी आहे, ख्रिस्ती आहेत, आणि पूर्वजांच्या व निसर्गातील शक्तींच्या उपासनेचे जुने धर्मही टिकून आहेत.

बालांटांची भातशेती हे या भूमीचे खरे वैभव. खारफुटी तोडून ते मातीचे बांध घालतात, पावसाच्या पाण्याने जमिनीतला खार काही वर्षे धुऊन काढतात आणि मगच भात लावतात. भरतीला अडवायचे, ओहोटीला जादा पाणी सोडायचे, हे तंत्र गोव्यातील खाजण शेतीशी थेट जुळते. बालांटा समाजात परंपरेने राजा नव्हता. गावाचे निर्णय वडीलधारी मंडळी घेत आणि बांधांची कामे गाव मिळून करी.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले आणि काशेऊसारख्या बंदरांतून गुलामांचा व्यापार चालला. विसाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध झालेल्या मुक्तिलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल पेशाने कृषितज्ज्ञ होते. शेतीच्या पाहणीसाठी ते देशभर फिरले होते आणि शेतकऱ्यांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. १९५६ मध्ये त्यांचा पक्ष स्थापन झाला. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार झाला आणि पुढे १९६३ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. जानेवारी १९७३ मध्ये काब्राल यांची हत्या झाली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि १९७४ मध्ये पोर्तुगालने ती मान्य केली. नंतरच्या काळात मात्र देश लष्करी बंडांनी पोखरला गेला. १९९८-९९ चे यादवी युद्ध आणि २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष नीनो व्हिएरा यांची हत्या हे त्यातले सर्वांत खोल घाव घालणारे प्रसंग.

आज निर्यातीचा सर्वांत मोठा भाग कच्च्या काजूचा आहे. मूळचे ब्राझीलचे हे झाड पोर्तुगीजांनी गोव्यात आणि आफ्रिकेतही नेले. गिनी-बिसाऊची बी मुख्यतः भारत आणि व्हिएतनामला जाते; कोकण-गोव्यातील काजू कारखान्यांनाही आफ्रिकी बीचा आधार लागतो. हंगामात घरातले सगळे वेचणीला लागतात, आणि बोंडांपासून दारू होते. अनेक गावांत काजू देऊन तांदूळ घेतला जातो. घरचे भात अपुरे पडते, त्यामुळे काजूचा भाव कोसळला की ताटातला भात कमी होतो. सोलाईचे कारखाने देशात मोजकेच असल्याने गर बनवण्याची कमाईही परदेशातच राहते.