फिरकीची शाळा – लेखांक ६ : टप्पा पायांतून येतो

गेल्या आठवड्यात पकड आणि बोटांचं काम पाहिलं. चेंडू हातातून भिरभिरत सुटायला लागला, मॅटवर पडून वळायला लागला, की हौशी फिरकीपटूच्या मागे एक नवं दुखणं लागतं. षटकातले पहिले दोन चेंडू असे पडतात की फलंदाज चाचपडतो. तिसरा थेट फुलटॉस जातो. चौथा खेळपट्टीच्या मध्यावर आपटतो. पाचवा लेग स्टंपच्या बाहेर, आणि सहाव्याच्या आधी कर्णधार मिडविकेटचा माणूस सीमेवर धाडतो. रविवारच्या सामन्यात फिरकी गोलंदाजाला दुसरं षटक मिळणार की नाही, हे चेंडू किती वळला यावर क्वचितच ठरतं. ते टप्प्यावर ठरतं.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. बोटं सैल सोडतात, चेंडू फिरवणं कमी करतात आणि तो अलगद जागेवर ‘ठेवायला’ जातात. टप्पा सुधारल्यासारखा वाटतो, पण चेंडूतला जीव जातो. वळण नाही, हवेतली घसरण नाही. फलंदाजाला नुसती हळू गोलंदाजी मिळते. शिवाय वरून पुढे फिरणारा चेंडू हवेत अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो, त्यामुळे जरा पुढे गेलेला चेंडूही निभावून जातो. फिरकी कमी केली की ही सवलतही जाते. म्हणून या लेखमालेत मी सुरुवातीपासून आग्रह धरला आहे: आधी चेंडू जोरात फिरवायला शिका, नेमाचं नंतर पाहू. ते ‘नंतर’ आज आलं आहे.

आजचा मुद्दा एका वाक्यात सांगता येतो. हाताने चेंडू फिरवायचा, नेम पायांनी साधायचा.

एक अंशाचा हिशेब

थोडं गणित केलं की हे पटतं. समजा, तुमचा चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला २० मीटर. हौशी ऑफ-स्पिनरचा हा बऱ्यापैकी वेग आहे. हातातून सुटताना चेंडू जमिनीपासून २ मीटर उंच आहे आणि तो १४ मीटरवर टप्पा घेतो. पॉपिंग क्रीजपासून समोरच्या स्टंपपर्यंतचं अंतर १८.९ मीटर, म्हणजे हा टप्पा फलंदाजाच्या स्टंपपासून पाचेक मीटरवर पडला. हवेचा विरोध तेवढा बाजूला ठेवू.

आता सुटण्याची दिशा फक्त एक अंशाने डावी-उजवी चुकली, तर टप्पा साधारण २४ सेंटिमीटर सरकतो. तिन्ही स्टंप मिळून रुंदी असते २२.८६ सेंटिमीटर. म्हणजे एका अंशात मिडल स्टंपवरचा चेंडू पार स्टंपच्या बाहेर गेला.

तोच एक अंश वर-खाली चुकला, तर टप्पा किती सरकतो? जवळजवळ ७८ सेंटिमीटर! दिशा वीतभर चुकते तिथे टप्पा पावणेदोन हात चुकतो. वेग ताशी साडेतीन किलोमीटरने वाढला, तरी टप्पा पाऊण मीटर पुढे जातो. आणि सुटण्याची उंची दहा सेंटिमीटरने कमी झाली, तर चेंडू ३२ सेंटिमीटर आखूड पडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फिरकी गोलंदाजाची खरी लढाई दिशेपेक्षा टप्प्याशी जास्त आहे. नेटमध्ये एकच स्टंप उभा करून त्यावर चेंडू मारत बसलात, तर जो भाग तुलनेने सोपा आहे त्याचाच सराव होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोलंदाजीच्या वेगाने फिरणाऱ्या हाताची दिशा एक अंशाने बदलायला लागणारा वेळ, ढोबळ हिशेबाने, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो. एवढ्या वेळात ‘आता सोडू’ असं ठरवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. जरा लवकर सुटला की फुलटॉस, जरा उशिरा सुटला की आखूड. हाताला हुकूम देऊन हे सुधारत नाही. हात दर वेळी त्याच क्षणी, त्याच जागी यावा एवढीच व्यवस्था करता येते, आणि ती व्यवस्था पायांची असते.

वेग कुठून येतो? रन-अपच्या लयीतून आणि कंबरेच्या वळण्यातून. उंची कुठून येते? पुढच्या पायाच्या गुडघ्यातून. सुटण्याचा क्षण कशावर ठरतो? पुढचा पाय कधी आणि कुठे पडला यावर. तिन्ही आकडे चेंडू सुटण्याच्या आधीच, जमिनीवर, ठरून गेलेले असतात.

फक्की काय सांगते

पायांचं वागणं स्वतःला दिसत नाही, कारण आपली नजर समोर असते. त्यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे फक्की. मैदान आखायला वापरतात तीच. पॉपिंग क्रीजच्या आजूबाजूला हात-दीड हाताच्या पट्ट्यात फक्कीचा पातळ थर पसरा, एक षटक टाका आणि मग पुढे येऊन खाली वाकून बघा.

मागच्या हिवाळ्यात एका चाळिशीतल्या ऑफ-स्पिनरला मी असं करायला लावलं. त्यांची तक्रार हीच होती की हात साथ देत नाही. षटक संपल्यावर फक्कीत डाव्या बुटाचे ठसे स्पष्ट उमटले होते. तीन ठसे एकमेकांवर चढलेले, जवळजवळ एकच वाटावेत असे. त्या तिन्ही चेंडूंचा टप्पा उत्तम पडला होता. चौथा ठसा बाकीच्यांच्या पुष्कळ पुढे, आणि त्यात टाच खोल रुतलेली, चवडा जेमतेम टेकलेला. हा लांब ढांगेचा चेंडू होता. गुडघा वाकला, शरीर खाली बसलं आणि चेंडू आखूड पडला. पाचवा ठसा क्रीजच्या बराच मागे. पाऊल तोकडं पडलं, शरीर मागेच राहिलं, चेंडू लवकर सुटला, फुलटॉस. सहाव्याची बोटं भलतीकडे वळलेली होती, आणि तो चेंडू लेग स्टंपच्या बाहेर गेला होता. ते गृहस्थ बराच वेळ त्या ठशांकडे पाहत राहिले. हाताबद्दल त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

चांगला ठसा कसा असतो? पाऊल फार लांब नाही, चालताना पडतं त्याहून थोडं मोठं. बोटं साधारण फलंदाजाच्या दिशेने, उजव्या हाताच्या ऑफ-स्पिनरसाठी किंचित लेगकडे. आणि चवड्याच्या जागी फक्की गोलाकार घासली गेलेली. तो गोल म्हणजे पुढच्या पायाच्या चवड्यावर घेतलेल्या गिरकीची खूण. ती गिरकी झाली की मागची मांडी आणि कंबर पुढे येते, उजवा खांदा डाव्याच्या जागी जातो आणि हात आपोआप त्याच वाटेने खाली उतरतो. चवड्याच्या जागी नुसता सपाट ठसा असेल, तर शरीर अडकलं, एकट्या हाताने चेंडू ढकलला.

पुढचा पाय फार आडवा, म्हणजे मागच्या पायाच्या रेषेच्या पलीकडे पडत असेल, तर कंबर वळायला वाट राहत नाही. मग हात शरीराला वळसा घालून येतो. अशी गोलंदाजी टप्पाही बिघडवते आणि पाठही.

रन-अप मोजून घ्या

पाय एकाच जागी पडायचे, तर ते एकाच जागेवरून निघाले पाहिजेत. हौशी सामन्यांत फिरकी गोलंदाज बेधडक अंदाजाने मागे जातो आणि वळून येतो. सहा चेंडूंना सहा वेगवेगळ्या जागा. वेगवान गोलंदाज रन-अपला खूण करतो आणि फिरकीवाल्याला त्याची गरज नाही, असा एक गैरसमज आहे. पाच पावलांच्या रन-अपलाही खूण हवी.

ती ठरवायची सोपी रीत अशी. क्रीजवर पाठमोरे उभे राहा आणि सीमेच्या दिशेने आपल्या नैसर्गिक लयीत येऊन, समोर फलंदाज आहे असं समजून चेंडू टाका. पुढचा पाय जिथे पडला तिथे मित्राला खूण करायला सांगा. चार-पाच वेळा करा. खुणा जिथे दाट झाल्या, ते अंतर तुमचं. ते आपल्या पावलांनी मोजा आणि लक्षात ठेवा. रन-अप छोटा असला तरी चालतो. शेन वॉर्न बहुतेक अंतर चालतच येत असे. पण ते चालणं प्रत्येक चेंडूला तसंच असे.

मुंबईची कांगा लीग १९४८पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. तिथे खेळणाऱ्यांना हे पावलांचं गणित लवकर कळतं. चिखलात ढांग लांब टाकली की पाय सरकतो. म्हणून पाऊल आखूड ठेवायचं, चवडा रोवायचा आणि मगच वळायचं. कोरड्या मैदानावर चुकीच्या पावलाची शिक्षा लगेच होत नाही, एवढाच फरक.

टेनिसच्या चेंडूवर वाढलेल्यांसाठी एक सूचना. साध्या टेनिस चेंडूचं वजन ५६ ते ५९ ग्रॅम, सीझनच्या चेंडूचं १५६ ते १६३. हाताला लागलेला अंदाज एका चेंडूवरून दुसऱ्यावर जात नाही. शनिवारी टेनिस आणि रविवारी सीझन खेळणाऱ्याचा टप्पा म्हणूनच पहिल्या षटकात भरकटतो. पावलांची सवय मात्र दोन्हीकडे कामाला येते.

नाणं आणि चौकोन

टप्प्याचा विषय निघाला की बापू नाडकर्णींचं नाव येतंच. जानेवारी १९६४मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ३२ षटकं टाकली. त्यांतली २७ निर्धाव, दिलेल्या धावा ५. सलग २१ षटकं निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. नेटमध्ये टप्प्याच्या जागी नाणं ठेवून ते सराव करत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ही गोष्ट ऐकून पुष्कळ मुलं पहिल्याच दिवशी नाणं ठेवतात आणि आठवड्याभरात निराश होतात. नाणं हा त्या वाटेचा शेवट आहे. सुरुवात मोठ्या लक्ष्याने करावी.

पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. कसोटी खेळायला मिळाली नाही, तरी मुंबईसाठी ते वर्षानुवर्षं टाकत राहिले. त्यांची आठवण मला आज मुद्दाम करून द्यावीशी वाटते, कारण टप्पा ही एखाद्या दिवशी गवसणारी गोष्ट नाही. ती सांभाळावी लागते, आणि कोणी पाहत नसतानाही सांभाळावी लागते.

या आठवड्याचा सराव

पहिले दोन दिवस रन-अप नको. क्रीजमध्ये आडवे उभे राहा, दोन्ही पाय योग्य जागी ठेवूनच चेंडू टाका आणि फक्त पुढच्या पायावरची गिरकी पूर्ण करा. फिरकी पूर्ण जोराने, अंतर हवं तर कमी ठेवा. तिसऱ्या दिवशी एक पाऊल मागून, चौथ्या दिवशी पूर्ण रन-अपने.

लक्ष्यासाठी फक्कीने एक चौकोन आखा: लांबी दीड मीटर, रुंदी अर्धा मीटर, मध्य फलंदाजाच्या स्टंपपासून साडेचार मीटरवर. लांबी रुंदीच्या तिप्पट का, हे वरच्या हिशेबात आलंच आहे. उभ्या दिशेची चूक आडव्या चुकीच्या तिपटीहून थोडी जास्त मोठी असते, म्हणून लक्ष्यही तसंच हवं. सहापैकी चार चेंडू नियमाने आत पडू लागले की चौकोन लहान करा.

एक वही ठेवा. प्रत्येक षटकानंतर लिहा: किती आत, किती आखूड, किती पुढे. आठवड्याअखेरीस ती वाचा. सगळे चुकलेले चेंडू आखूडच असतील, तर आनंद माना. तुमची कृती स्थिर आहे, फक्त नजर थोडी वर न्यायची किंवा गुडघा ताठ ठेवायचा. काही आखूड आणि काही फुलटॉस असतील, तर पावलं फिरताहेत. परत फक्कीकडे जा. षटकं वाढत गेली तसे चेंडू आखूड होत गेले असतील, तर गुडघा थकतोय. थांबा, उद्या टाका. थकलेल्या पायांनी टाकलेली दहा षटकं चुकीचीच सवय पक्की करतात.

सामन्यात षटकार बसला, तर पुढचा चेंडू हाताने सुधारायला जाऊ नका. खुणेवर परत जा, तेवढीच पावलं मोजा आणि पुन्हा तितक्याच जोराने फिरवा. षटकार बसल्यावर गोलंदाजाच्या ताब्यात उरतं ते एवढंच, आणि तेवढं पुरतं.

पुढच्या आठवड्यात, लेखांक ७ : त्याच टप्प्यावर, पण वेगळ्या उंचीने आणि वेगळ्या वेगाने चेंडू कसा टाकायचा. त्यासाठी या आठवड्याची वही भरलेली हवी.