खळ्यातली बाटली आणि परसातली विहीर

रत्नागिरी परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक, म्हणजे पुण्याच्या चौपटीहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांत विहिरीचा तळ दिसू लागतो आणि हंडे घेऊन दूर जावे लागते. एवढे पाणी जाते कुठे? याचा माग काढायला एक बाटली, एक दोरी आणि एक वही पुरते.

'१० मिलिमीटर पाऊस' म्हणजे काय? पडलेले पाणी वाहून न जाता, न मुरता, न सुकता जागीच राहिले, तर १० मिलिमीटर उंचीचा थर होईल. म्हणून उभ्या बाजूंचे कोणतेही भांडे पर्जन्यमापक होऊ शकते. घमेले मात्र चालणार नाही. मोठ्या तोंडाच्या डब्यात पाण्याची उंची जास्त भरेल, असे बहुतेक विद्यार्थी सांगतात. दोन डबे शेजारी ठेवून त्यांनाच पाहू द्यावे. मोठ्या तोंडातून पाणी जास्त येते, पण ते तितक्याच जास्त जागेत पसरते.

आम्ही शीतपेयाची दोन लिटरची बाटली घेतली. खांद्याखाली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला. त्यामुळे पाणी कमी सुकते. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो, म्हणून तळाशी खडी घालून, ती बुडेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची खूण केली व त्यावर पट्टीने रंगाच्या खुणा केल्या.

भिजावे लागू नये म्हणून पहिल्या वर्षी बाटली पडवीलगत ठेवली. ती पावसाने नव्हे, पागोळीने भरली! घर किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी. माडापोफळींच्या गर्दीत अशी जागा मिळणे कठीण; शाळेचे पटांगण उत्तम. दोन्ही बाजूंना चिरा लावावा, नाहीतर कावळे ती पाडतात.

हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला नोंद करावी. जुलैतल्या एका रात्री आमची बाटली भरून वाहिली. अशा वेळी अंदाज न लिहिता '२०० पेक्षा जास्त' एवढेच लिहावे. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस हवामान खात्याच्या सर्वांत वरच्या वर्गात मोडतो. जोराच्या दिवशी संध्याकाळीही बाटली मोजून रिकामी करावी आणि दोन्ही नोंदी मिळवाव्यात.

त्याच सकाळी, कोणी पोहरा सोडण्याआधी, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. सुती दोरी भिजली की आखडते, हे आम्हाला उशिरा कळले, नायलॉनची घ्यावी.

दोन्ही नोंदी एकाच आलेखावर मांडल्या की गंमत दिसते. मृगाच्या पहिल्या सरींनी विहीर हलत नाही. मग ती भराभर चढते आणि भरल्यावर कितीही कोसळले तरी तिथेच राहते. पाऊस थांबला की उतार सुरू.

कारण पायाखालच्या जांभ्यात आहे. चिऱ्याचा तुकडा कोरडा तोलून, रात्रभर बुडवून पुन्हा तोलावा. सच्छिद्र जांभा पाणी पटकन आत घेतो, पण तसेच सोडूनही देतो. खालच्या चिकणमातीच्या थरावरून ते सरकते, उताराला झरा होऊन फुटते, पऱ्ह्याला मिळते. समुद्र जवळच. म्हणूनच ऐन पावसात छपराचे पाणी विहिरीत सोडून फारसे हाती लागणार नाही, असे आम्हाला वाटते. भरलेली विहीर आणखी काय भरणार? बंद टाकी बरी.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. १०० चौरस मीटरच्या कौलारू घरावर (उतरत्या छपराचे नव्हे, त्याने झाकलेल्या जमिनीचे क्षेत्रफळ धरायचे) ३००० मिलिमीटरचे ३ लाख लिटर होतात. माणशी रोज ५५ लिटर धरले तर पाच माणसांना १०० दिवसांसाठी २७,५०० लिटर पुरतात. त्यासाठी तीन मीटर लांब, रुंद व खोल अशी टाकी जवळजवळ पुरेल. हा खर्च लहान नाही, हे खरे.

ती भरायला हिशेबाने २७५ मिलिमीटर पाऊस लागतो. पन्हळीतून उडणारे-गळणारे धरून ३५० म्हणू. सुरुवातीच्या पावसाने कौले धुऊन निघाल्यावर टाकी लगेच भरून घ्यावी, की हस्ताच्या भरवशावर थांबावे, हे दोन-तीन वर्षांची वही उघडून ठरवता येईल.