खिडकी नसलेले घर

पृथ्वीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरत आहे. नोव्हेंबर 2000 पासून तेथे माणसांची वस्ती अखंड आहे. परंतु हवेसाठी उघडता येईल अशी एकही खिडकी त्या घराला नाही. आतलीच हवा पुनःपुन्हा शुद्ध करून वापरावी लागते.

अशा जागी प्राणवायू संपेल, ही आपली पहिली भीती. प्रत्यक्षात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड बहुधा आधी त्रास देतो. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 यानात स्फोट झाला, तेव्हा तिघा अंतराळवीरांना दोघांसाठी बांधलेल्या छोट्या यानात आश्रय घ्यावा लागला. प्राणवायू पुरेसा होता. हा वायू मात्र वाढत चालला. मुख्य यानातील चौकोनी शोषक डबे तेथील गोल जागेत बसेनात. अखेर पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी यांतून जोड तयार झाला व संकट टळले.

स्थानकात वजनरहित अवस्थेमुळे उष्ण हवा आपोआप वर जात नाही. झोपलेल्याचा उच्छ्वास चेहऱ्याभोवतीच साचू शकतो. म्हणून पंख्यांनी हवा सतत खेळती ठेवतात. वायूचे प्रमाण वाढले की अंतराळवीरांचेही डोके दुखते.

आपल्या घरांत प्रमाण सहसा इतके वाढत नाही. तरीही वृद्ध रुग्णाला तपासण्यास घरी जावे, तर गार वारा बाधेल म्हणून खिडक्या बंद आणि आत उदबत्ती, डासांची कॉइल! सकाळचे जड डोके मग वयाच्या माथी मारले जाते. स्प्लिट एसीदेखील बहुधा खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. ताजी हवा आणत नाही.

बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा निराळा, प्राणघातक वायू. त्याला रंग नाही, वास नाही. या विषबाधेत बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसवा, निर्धोक आकडा दाखवू शकतो. घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ वा गुंगी आल्यास सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे.

बाहेर धूर नसेल तेव्हा, रुग्णाच्या अंगावर पांघरूण घालून, दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे समोरासमोरची दारे-खिडक्या उघडावीत. अंतराळवीरांना ज्यासाठी अहोरात्र यंत्रे चालवावी लागतात, ते आपल्याकडे एक कडी काढल्याने साधते.