आरती ई-मेलने पाठवताना : ध्वनिफाइलच्या आकाराविषयीचे गैरसमज

ध्वनिफाइलचा आकार दोन गोष्टींवर ठरतो : दर सेकंदाला किती बिट नोंदले जातात आणि ध्वनिमुद्रण किती वेळ चालते. सीडीच्या दर्जाच्या नोंदीत प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. या हिशेबाने एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात. गोव्यातल्या पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या घरी चवथीला म्हटलेली पंधरा मिनिटांची घुमट आरती अशा रीतीने वेव्ह फाइलमध्ये साठवली, तर ती जवळजवळ १६० एमबीची होते. ती ई-मेलला जोडून पाठवता येत नाही.

आवाज हळू केला की फाइल लहान होते, ही समजूत चुकीची आहे. वेव्ह फाइलमध्ये शांततेच्या सेकंदालाही तितकेच बिट लागतात. आरतीपूर्वीची कुजबुज आणि शेवटची पांगापांग कापून टाकली, तर मात्र आकार खरोखर घटतो. फाइलच्या नावातले शेवटचे 'वेव्ह' खोडून 'एमपीथ्री' लिहिण्याने काहीच घडत नाही. नाव बदलले तरी आतली माहिती तशीच राहते.

झिप करणे हा अनेकांचा पहिला उपाय असतो. झिप पद्धत माहितीतली पुनरुक्ती शोधते. एमपीथ्रीत अशी पुनरुक्ती जवळजवळ उरलेलीच नसते, त्यामुळे झिप केल्याने बचत नगण्य होते. खास ध्वनीसाठी बनवलेली, काहीही न गमावणारी पद्धत म्हणजे २००१ साली आलेली फ्लॅक. तिने आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. जतन करण्यासाठी ती उत्तम आहे, पण १६० एमबीची आरती तिच्यानेही ई-मेलच्या मापात बसत नाही.

एमपीथ्री, एएसी आणि ओपस या पद्धती आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतात. मोठ्या आवाजाच्या जवळपासचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, या गुणधर्मावर त्यांची निवड चालते. म्हणून '१२८ किलोबिटची एमपीथ्री म्हणजे निकृष्ट' असे सरसकट म्हणता येत नाही. ध्वनिमुद्रणात काय आहे, यावर उत्तर अवलंबून असते.

धालोचेच पाहा. पौषातल्या रात्री मांडावर बायका ही गाणी वाद्यांच्या साथीशिवाय म्हणतात. तो सगळा माणसांचा गळा असतो, आणि एका वाहिनीवर ६४ किलोबिटची एमपीथ्री त्याला पुरते. अर्ध्या तासाचे गाणे १४.४ एमबीत मावते. घुमट, शामेळ आणि झांज या वाद्यांच्या साथीने चालणाऱ्या घुमट आरतीची गोष्ट वेगळी. घुमटाचा खर्ज आणि शामेळाचा ठोका बहुधा टिकतो. कमी बिटदरात आधी बिघडते ती झांज. तिच्या एका आघातात अतिशय उंच कंपने क्षणार्धात उसळतात. एमपीथ्रीचे काम मात्र १,१५२ नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चालते. बिट अपुरे पडले की एका आघातातली चूक त्या तुकड्यात पसरते. मग झांज वाजण्याआधीच हलकी सळसळ ऐकू येते, आणि नंतरचा नाद पाण्यातून आल्यासारखा वाटतो. झांजेची धार गेली तर आरतीचा जीवच जातो. तिथे बिटांची काटकसर करू नये.

'मोनो केले की अर्धा आवाज गेला' हा गैरसमज या ठिकाणी फार महागात पडतो. एकाच माइकवर घेतलेल्या ध्वनिमुद्रणाच्या दोन्ही वाहिन्यांत आवाज एकच असतो. ते मोनो केल्याने काही हरवत नाही, आणि सगळे बिट एकाच वाहिनीच्या कामी येतात. अशी आरती १२८ किलोबिट मोनोत घेतली, तर झांजही बऱ्यापैकी शाबूत राहते आणि पंधरा मिनिटे पुन्हा १४.४ एमबीतच बसतात.

मोपाच्या सड्यासारख्या उघड्या जागी माइकवर वारा आपटतो. हल्ली त्यात विमानांची घरघरही मिसळते. तिथला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. गाणे कोणते आणि गोंगाट कोणता, हे एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही. त्यामुळे मोजके बिट वाऱ्यावरही खर्च होतात. माइकला फोमची टोपी घालणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. नंतर फिल्टर लावून खालचे सूर कापल्यास वाऱ्याबरोबर घुमटाचा खर्जही जातो.

ई-मेल सेवेची मर्यादा २५ एमबीची असली, म्हणजे २४ एमबीची फाइल हमखास जाईल, असेही नाही. ई-मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलली जाते. त्यात तीन बाइटांचे चार होतात आणि आकार एक तृतीयांशाने फुगतो. अनेक मेल-सर्व्हर हा फुगलेला आकार मोजतात. घेणाऱ्याची मर्यादा आणखी कमी असू शकते. म्हणून फाइल १८ एमबीच्या आत ठेवलेली बरी. रात्रभर चालणारे दशावतारी नाटक कितीही दाबले तरी या मापात येत नाही. सहा तासांचा प्रयोग ६४ किलोबिट मोनोतही १७० एमबीच्या वर जातो. तो क्लाउडवर ठेवून त्याची लिंक पाठवावी.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज असा की, लहान केलेली फाइल पुढे ३२० किलोबिटला बदलली की मूळ दर्जा परत येतो. टाकून दिलेला आवाज परत येत नाही. फाइल फक्त जड होते, आणि प्रत्येक नव्या रूपांतरात थोडी झीज वाढते. एका एमपीथ्रीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे करत गेल्यास झांजेची सळसळ दर वेळी वाढत जाते. पाठवायची प्रत नेहमी मूळ फाइलवरूनच बनवावी.

बरेच फोन ध्वनिमुद्रण करतानाच आवाज दाबून साठवतात, तेव्हा ती फाइल मूळ असूनही अपुरी असते. व्हॉट्सॲपचा आवाजी संदेश ओपस पद्धतीने कमी बिटदरात नोंदला जातो. तो बोलण्यासाठी चांगला, आरतीसाठी नव्हे. जुनी गाणी आणि आरत्या जतन करायच्या असतील, तर ध्वनिमुद्रणापूर्वीच सेटिंगमध्ये वेव्ह निवडावे, शक्य असल्यास २४ बिट आणि ४८,००० नमुने ठेवावेत, आणि ई-मेलची प्रत पाठवून झाल्यावरही ती मूळ फाइल पुसू नये. निदान दोन ठिकाणी जपून ठेवावी.