विरळ रोग आणि संशोधनाचे अनुदान

हृदयातून निघणारी महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रोहिणी होय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तिची भिंत ताणली जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. काही व्यक्तींच्या ठिकाणी मात्र ही भिंत जन्मतःच दुर्बल असते. अशा आनुवंशिक विकारांपैकी एक म्हणजे मार्फान विकार. त्यात महारोहिणीचा हृदयालगतचा भाग हळूहळू रुंदावत जातो व अखेर ती फाटून अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. सुमारे ५,००० माणसांत एकाला हा विकार असतो.

पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फां यांनी १८९६ मध्ये लांब व सडपातळ हातपाय असलेल्या एका लहान मुलीचे वर्णन केले. त्यावरून विकारास त्यांचे नाव मिळाले. परंतु मूळ कारण कळण्यास जवळजवळ एक शतक लागले. १९८६ मध्ये फायब्रिलिन हे प्रथिन ओळखले गेले आणि १९९१ मध्ये पंधराव्या रंगसूत्रावरील त्याच्या जनुकातील दोष रुग्णांत आढळला. मातापित्यांपैकी एकास हा दोष असल्यास तो प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो.

कारण समजले तरी उपाय आपोआप हाती येत नाही. रक्तदाबावरील लोसार्टान या औषधाने असाच दोष असलेल्या उंदरांतील महारोहिणीचे रुंदावणे थांबते, असे २००६ मध्ये दिसून आले. मग माणसांत काय होईल? हे ठरविण्यासाठी शेकडो रुग्ण हवेत, वर्षानुवर्षे मोजमापे हवीत. रोग विरळ आणि औषध परिचित. तेव्हा एवढा खर्च भरून निघेल असा व्यापारी लाभ येथे संभवत नाही. अनुदानाची आवश्यकता नेमकी येथेच भासते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने हा भार उचलला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या मार्फान प्रतिष्ठानानेही साहाय्य केले. ६०८ मुले व तरुण यांपैकी काहींना लोसार्टान व इतरांना ॲटेनोलॉल हे जुने औषध देऊन तीन वर्षे निरीक्षण करण्यात आले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोहोंच्या परिणामांत लक्षणीय अंतर आढळले नाही.

नवे औषध सरस ठरले नाही, म्हणून हे द्रव्य वाया गेले काय? मुळीच नाही. पुढे अशा सात प्रयोगांतील १,४४२ रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासण्यात आली. लोसार्टानच्या वर्गातील औषधांनी महारोहिणीच्या रुंदावण्याचा वेग सुमारे निम्म्यावर येतो, असे त्यातून २०२२ मध्ये स्पष्ट झाले. एकट्या प्रयोगास जे सांगता आले नाही, ते अनेकांनी मिळून सांगितले.

विरळ रोगाचे रुग्ण थोडे असतात व विखुरलेले असतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बाजार शोधीत नाही. ते समाजालाच शोधावे लागते. संशोधनाचे अनुदान हे त्याचे साधन होय.